बॅरलमधला गुलाबी थर आणि टॉवेलचा लाल रंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जिवाणूंपासून कापडासाठी नैसर्गिक रंग, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. आपल्या सोलापूरसारख्या टॉवेल-चादरीच्या गावात त्या जरा जास्तच आवडीने वाचल्या जातात. त्यातला लाल रंग बहुतेक वेळा सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूचा असतो. उजनी धरणाचे पाणी रोज येत नाही म्हणून आपण भरून ठेवलेल्या बॅरलच्या काठावर, मोरीच्या कोपऱ्यात, साबणाच्या डबीखाली जो गुलाबी बुळबुळीत थर धरतो, त्यातही हाच असू शकतो. ही बाजू बातमीत येत नाही, म्हणून हे पत्र.

या रंगद्रव्याचे नाव प्रोडिजिओसिन. 28 ते 30 अंश सेल्सिअसला ते भरपूर तयार होते. 37 अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या तापमानाला, सहसा होतच नाही. म्हणजे बादलीत लाल दिसणारा जिवाणू माणसाच्या शरीरात बिनरंगी असतो. शिवाय रुग्णांच्या नमुन्यांत सापडणाऱ्या बहुतेक वाणांना हा रंग बनवताच येत नाही. त्यामुळे 'लाल दिसले नाही, म्हणजे तो नाही' हा हिशेब चुकतो. 1819 मध्ये इटलीत पाडुआजवळ मक्याचा घाटा लाल झाला, तेव्हा लोकांना तो दैवी प्रकोप वाटला. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधनिर्मात्याने त्यामागे सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले आणि या जिवाणूला नाव दिले. पुढे कित्येक वर्षे तो निरुपद्रवीच मानला गेला. रंगामुळे माग काढायला सोपा म्हणून 1950 मध्ये अमेरिकेच्या नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोवर त्याची फवारणीही केली. त्यानंतर तिथल्या एका रुग्णालयात 11 जणांना याच जिवाणूचा संसर्ग आढळला आणि एक रुग्ण दगावला. फवारणीशी त्याचा संबंध निर्विवाद सिद्ध झाला नाही, पण निरुपद्रवी हे बिरुद गेले ते गेलेच.

घरातल्या थराबद्दल आधी एक खुलासा. गुलाबी दिसणारे सगळे सेराशियाच नसते. मिथायलोबॅक्टेरियम हा दुसरा जिवाणू किंवा रोडोटोरुला हे यीस्टही तसेच दिसते आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. सफाई मात्र एकच. नुसते ब्लीचिंगचे पाणी ओतून थर जात नाही, कारण चिकट आवरणाच्या आतले जिवाणू वाचतात आणि आठवड्याभरात थर पुन्हा धरतो. आधी बॅरल रिकामे करून ब्रशने घासायचे, खास करून झाकणाची खाच आणि तोटीचा आटा. साबण पूर्ण धुऊन काढायचा. मग 5 लिटर पाण्यात 10 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचे निवळ पाणी आतून सगळीकडे फिरवून 10 मिनिटे ओले ठेवायचे. नंतर दोनदा विसळून उन्हात कोरडे करायचे. पावडरीची पिशवी महिनोन् महिने उघडी पडली असेल तर क्लोरीन उडून गेलेला असतो. मग हाती उरतो तो चुनाच. संडास धुण्याचे ॲसिड याच्या जोडीला कधीही वापरू नये. दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

धडधाकट माणसाला या थरापासून सहसा काही होत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मात्र लेन्सची डबी नळाच्या पाण्याने धुऊ नये आणि जुन्या द्रावणात नवे ओतू नये. बुबुळाच्या संसर्गात हा जिवाणू वारंवार सापडतो.

खरी काळजी नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागाची, कॅथेटर किंवा व्हेंटिलेटर लावलेल्या रुग्णांची. तिथे तो हातांवरून पोहोचतो किंवा ओलाव्यातून. लिक्विड सोप संपत आला की त्याच बाटलीत वरून भरायचा, सलाइनची फोडलेली बाटली दिवसभर जखमा धुवायला वापरायची, पातळ केलेले जंतुनाशक चार-चार दिवस ठेवायचे, या सवयींत त्याचे फावते. काही जंतुनाशकांच्या पातळ द्रावणात तो जिवंत राहतो, हे अनेक साथींच्या तपासात दिसले आहे. बाटली पूर्ण रिकामी करून, धुऊन, वाळवून मगच भरावी, नाहीतर सरळ नवी घ्यावी. अँपिसिलिन आणि कोलिस्टिन ही प्रतिजैविके या जिवाणूवर जात्याच चालत नाहीत. कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले औषध, म्हणून कल्चरचा (नमुन्यातला जिवाणू वाढवून ओळखण्याच्या चाचणीचा) अहवाल न पाहता अंदाजाने तेच चालू ठेवणे इथे महागात पडते.

आता कापडाकडे. शेंगदाण्याचा कूट घालून वाढवला तर हा जिवाणू नेहमीच्या माध्यमापेक्षा कितीतरी जास्त रंग देतो, हे चेन्नईच्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवले. शेंगाचटणीच्या गावाला ऐकायला गंमत वाटेल! पण रंग काढणे सोपे, तो सुतावर टिकवणे अवघड. प्रोडिजिओसिन पाण्यात विरघळत नाही. मिथेनॉल किंवा ॲसिटोनने काढावा लागतो. रेशीम, लोकर, नायलॉन त्याला बऱ्यापैकी धरतात, सूत फारसे नाही, आणि आपला टेरी टॉवेल तर सुताचाच. हा रंग आम्लात लाल असतो, अल्कलीत पिवळट-नारिंगी होतो. धुण्याच्या सोड्यात बुडवलेल्या चिंधीवर हे समोरच दिसते. वर उन्हात रंग उडतो, तेही सोलापूरच्या उन्हात.

तरीही कोणाला करून पाहायचे असेल तर रेशमापासून सुरुवात करावी आणि जिवाणू वाढवण्याचे काम डाय हाऊसमध्ये न करता प्रशिक्षित माणसांच्या प्रयोगशाळेतच करावे. रंग विकणाऱ्याकडे दोन गोष्टी लेखी मागाव्यात. एक, रंगाचा नमुना जिवाणू वाढवण्याच्या प्लेटवर पसरून 30 अंशांना 48 तास ठेवल्यावर एकही वसाहत उगवली नाही, लाल नाही आणि पांढरीही नाही. दुसरी, रंग काढल्यावर उरलेला जिवाणूंचा घोळ 121 अंशांना किमान 20 मिनिटे ऑटोक्लेव्ह करून (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करून) मगच गटारात सोडला जातो.

आपले,
सूक्ष्मजीवशास्त्राचे दोन अध्यापक, सोलापूर