दोन विमानतळांच्या मधला रस्ता

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही स्वतः संगणकासमोर बसून काढलेली तिकिटे परवा मला मिळाली. तारखा सोयीच्या आहेत आणि दोघांची नावे पासपोर्टवर आहेत तशीच्या तशी, एकाही अक्षराची चूक न होता आली आहेत. ती पुन्हा एकदा सावकाश वाचताना माझ्या लक्षात आले की तुमचे पहिले विमान सकाळी ७ वाजता लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरते आणि माझ्याकडे येणारे दुसरे विमान दुपारी ४ वाजता गॅटविक विमानतळावरून सुटते. हे मी फोनवर सांगितले तेव्हा तुम्ही म्हणालात की आयुष्यभर जंक्शनवर गाड्या बदलल्या, आता विमानतळ बदलू. तुमच्या आवाजातला उत्साह ऐकून बरे वाटले, म्हणून त्या वेळी मी पुढे काही बोलले नाही. मात्र या प्रवासाबद्दल सांगण्यासारखे बरेच आहे, आणि फोनवरचे बोलणे विसरले जाते, कागद हाताशी राहतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

तिकीट काढताना ही गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली यात तुमची चूक नाही. विमानसेवेच्या व्यवहारात प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचा एक संकेत असतो, तसाच अनेक विमानतळ असलेल्या शहरालाही स्वतंत्र संकेत असतो. हीथ्रोचा एलएचआर, गॅटविकचा एलजीडब्ल्यू आणि सगळ्या लंडनचा मिळून एलओएन. शहराच्या नावाने शोध घेतला की दोन्ही विमानतळांवरची विमाने एकाच यादीत येतात आणि पडद्यावर ठळकपणे दिसतो तो फक्त ‘लंडन’ हा शब्द. न्यूयॉर्क, पॅरिस, टोकियो, इस्तंबूल या शहरांच्या बाबतीतही असेच घडते. तिकिटावर शहराच्या नावाखाली लहान अक्षरांत जे तीन अक्षरी संकेत छापलेले असतात, ते यापुढे आपण नेहमी आधी पाहू या.

गॅटविक हा नावाने लंडनचा विमानतळ असला तरी तो लंडनमध्ये नाही. हीथ्रो शहराच्या पश्चिमेला आहे, तर गॅटविक शहराच्या बरेच दक्षिणेला, वेस्ट ससेक्स या परगण्यात क्रॉली गावाजवळ आहे. रस्त्याने हे अंतर सुमारे ६५ किलोमीटर भरते. बाबा, तुम्हाला आवडेल असा एक तपशील सांगते. १९७८ पासून या दोन विमानतळांच्या दरम्यान प्रवाशांसाठी चक्क हेलिकॉप्टरची नियमित सेवा होती आणि ते अंतर पंधरा-एक मिनिटांत पार होत असे. १९८६ मध्ये ती सेवा बंद झाली आणि त्याच वर्षी लंडनभोवतीचा एम-२५ हा सुमारे १८८ किलोमीटरचा वर्तुळाकार महामार्ग पूर्ण झाला. तेव्हापासून ही ने-आण मुख्यतः या महामार्गानेच होते. रस्ता मोकळा असेल तर बस तासा-सव्वा तासात पोहोचवते, परंतु हा महामार्ग वाहनांच्या कोंडीसाठी प्रसिद्ध आहे आणि कोंडी झाली की तेवढ्याच अंतराला किती वेळ लागेल हे कोणीही सांगू शकत नाही.

जंक्शनवर गाडी बदलताना आपण आपले सामान उचलतो, पूल ओलांडतो आणि दुसऱ्या फलाटावर जातो. स्टेशन तेच राहते. येथे तसे होत नाही. विमानतळ तोच असता तर एरवी प्रवासी बहुधा आतल्या आतच पुढच्या विमानाकडे जातो, पण विमानतळ बदलायचा म्हणजे तुम्हाला रीतसर ब्रिटनमध्ये प्रवेश करावा लागतो. पासपोर्ट तपासणीच्या रांगेत उभे राहायचे, मग पट्ट्यावरून चारही बॅगा उतरवून घ्यायच्या, सीमाशुल्काच्या मार्गिकेतून बाहेर पडायचे, बसने किंवा मोटारीने दुसऱ्या विमानतळावर पोहोचायचे, आणि तेथे सामान देण्यापासून सुरक्षा तपासणीपर्यंतचे सारे सोपस्कार पुन्हा पहिल्यापासून करायचे.

प्रवेश म्हटला की व्हिसाचा प्रश्न येतो. तुमच्या दोघांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा वैध व्हिसा आहे आणि तुम्ही अमेरिकेलाच निघाला आहात, त्यामुळे ब्रिटनच्या नियमांत अशा प्रवाशांना वेगळ्या व्हिसाशिवाय ये-जा करण्याची जी सवलत आहे, ती तुम्हाला लागू होते. विमानाने येऊन, दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपूर्वी विमानानेच देश सोडणे ही तिची अट आहे. ती देणे शेवटी तपासणी अधिकाऱ्याच्या अखत्यारीत असते, म्हणून पुढच्या विमानाचे पक्के तिकीट छापील स्वरूपात हातात असलेच पाहिजे. ही सवलत असल्याचे तिकडून निघताना काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांनाही सांगावे लागेल. नियम बदलत असतात. निघण्याच्या आठवड्यात मी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर हे सारे पुन्हा वाचून तुम्हाला कळवीन.

आता एक गोष्ट सांगते, जी मी तुम्हाला आजवर सांगितली नव्हती. शिकायला आले तेव्हा दुसऱ्या वर्षीच्या सुट्टीनंतर परत येताना मी हाच बदल केला होता आणि माझ्या हाताशी पाच तास होते. पाच तास मला भरपूर वाटले होते. विमान तासभर उशिरा उतरले, पासपोर्टच्या रांगेत जवळपास तेवढाच वेळ गेला, बॅग सर्वांत शेवटी आली, आणि पुढे महामार्गावर अपघात झाल्याने बस एकाच जागी उभी राहिली. मी गॅटविकच्या काउंटरवर पोहोचले तेव्हा सामान घेणे बंद होऊन दहा मिनिटे झाली होती. माझी तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची, दोन स्वतंत्र पीएनआरवर होती, त्यामुळे पहिल्या विमानाच्या उशिराशी दुसऱ्या कंपनीचा काही संबंध नव्हता, आणि नियमाने पाहिले तर त्यांचे बरोबरच होते. ती रात्र मी बाकावर बसून काढली आणि सकाळी नवे तिकीट घेतले. त्या दिवशी फोनवर मी तुम्हाला फक्त ‘विमान उशिरा आहे’ एवढेच सांगितले होते. तुमचीही तिकिटे दोन स्वतंत्र पीएनआरवर आहेत, म्हणून मला हे आज सांगणे भाग आहे.

तरीही ही तिकिटे रद्द करावीत असे मला वाटत नाही. तुमच्याकडे नऊ तास आहेत, दिवसाउजेडीचा प्रवास आहे आणि तुम्ही दोघे बरोबर आहात. हीथ्रोतून बाहेर पडायला ९ वाजले, रस्त्यात दोन तास गेले, तरी ११ वाजता तुम्ही गॅटविकला असाल. सामान देण्याचे काउंटर साधारण १ वाजता उघडेल, म्हणजे तोवर तुम्हाला बॅगांजवळच बसावे लागेल; आई, तेवढ्या वेळात तू औषधे आणि थोडे खाणे उरकून घे. औषधे मोठ्या बॅगेत न ठेवता हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेव. गॅटविकला उत्तर आणि दक्षिण अशी दोन टर्मिनल आहेत. चुकीच्या टर्मिनलला उतरलात तरी घाबरू नका, दोहोंच्या मध्ये विनामूल्य छोटी गाडी सतत ये-जा करते.

मला खरी काळजी वाटते ती मधल्या रस्त्याची. पहिल्या विमानात बसेपर्यंत आणि त्यातून उतरेपर्यंत तुमची जबाबदारी एका कंपनीकडे असते, गॅटविकच्या काउंटरवर सामान दिले की ती दुसरीकडे जाते, पण त्या दोहोंच्या मधले पाच-सहा तास तुम्ही कोणाचेच प्रवासी नसता. चुकलात तर शोधणारे कोणी नाही, दमलात तर चार बॅगा धरणारे कोणी नाही. आगगाडीनेही जाता येते, हीथ्रोहून एलिझाबेथ लाइनने फॅरिंग्डनला आणि तेथून थेट गॅटविकला, पण एवढ्या सामानासह मध्ये उतरून गाडी बदलणे मला नको वाटते. बस थेट जाते आणि एकट्या तरुण प्रवाशाला तीच योग्य आहे. तुमच्यासाठी मात्र मी चालकासह मोटार ठरवत आहे. चालक आगमन कक्षात तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा असेल आणि गॅटविकच्या दारापर्यंत सोडेल. बाबा, हा खर्च माझा आहे. यावर कृपा करून वाद घालू नका.

आणि आता ज्या विषयावर तुम्ही फोन ठेवून देता, त्याच विषयावर येते. व्हीलचेअरची मदत मागायला तुम्ही तयार नाही, कारण तुम्ही चालू शकता. चालू शकता हे मी गेल्या वेळी स्वतः पाहिले आहे, आणि दुसऱ्या दिवशी सुजलेला गुडघाही पाहिला आहे. हीथ्रोमध्ये विमानाच्या दारापासून पासपोर्ट तपासणीपर्यंतचे अंतर बरेच मोठे असते आणि त्यानंतरची रांग उभ्यानेच काढावी लागते. मदतनीस बरोबर असेल तर तो तुम्हाला रांगेतून पुढे नेईल, पट्ट्यावरच्या बॅगा उतरवून देईल आणि मोटारीच्या चालकापर्यंत पोहोचवील. ब्रिटनमध्ये ही मदत पुरवणे विमानतळावर कायद्याने बंधनकारक आहे आणि तिचे पैसे पडत नाहीत. मात्र किमान ४८ तास आधी ती विमान कंपनीमार्फत मागावी लागते. हीथ्रोची मदत गॅटविकला आपोआप मिळत नाही, दोन्ही कंपन्यांकडे स्वतंत्रपणे कळवावे लागते, कारण तिकिटे वेगवेगळी आहेत. तुमची शक्ती त्या रांगांमध्ये खर्च व्हावी असे मला वाटत नाही. ती मधल्या रस्त्यासाठी, आईसाठी आणि इकडे आल्यावर माझ्याबरोबर फिरण्यासाठी शिल्लक राहावी असे मला वाटते.

आई, तू यात माझ्या बाजूने बोलशील हे मला ठाऊक आहे, पण निर्णय बाबांनी स्वतः घ्यावा अशी माझी इच्छा आहे. दोन्ही कंपन्यांचे अर्ज मी भरून ठेवले आहेत, फक्त पाठवायचे बाकी आहेत. रविवारी सकाळी फोन करीन, तेव्हा बाबा, मला तुमच्याकडून एवढेच ऐकायचे आहे की पाठवू की नको.

तुमची,
धाकटी