रोखठोक बोलण्याविषयी मित्राला पत्र

सांगली

प्रिय दिग्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. ऑफिसात तुला फटकळ म्हणतात, म्हणून आता तू घरीही तोंड मिटून घेतलंस. शेताच्या वाटणीचं दादांना सांगायचं ते वहिनींना ऐकवतोस. असं करू नकोस रे.

फटकळ वेगळा आणि रोखठोक वेगळा. रोखठोक हा मुळात पैशाच्या व्यवहारातला शब्द. उधारी नाही, पैसे हातावर, विषय तिथंच मिटला. बोलणंही तसंच, मनात बाकी ठेवायची नाही. 'नाणं खणखणीत आहे' असं आपण माणसाबद्दल म्हणतो, तेही पेठेतूनच आलंय. चांदीचा रुपया दगडावर टाकला की खणकन वाजायचा, हिणकस असला की बद्द आवाज यायचा.

आपण हळदीच्या पेठेत वाढलो. जुन्या बाजारांत व्यापारी अन् अडते रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचे. शेतकरी शेजारीच उभा, पण आपल्या मालाला कुणी किती भाव दिला हे त्याला कळायचं नाही. आता सौदे उघड बोलीनं होतात. उघड बोलण्याचा सगळ्यात जास्त फायदा दुबळ्याला होतो, हे मला त्यातनंच पटलं.

आडून बोलण्याच्या म्हणी आठव. 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' मला फारसं खटकत नाही. दुभतं असलेल्या घरून ताक मागून आणायची रीत होती, मागायची भीड वाटायची, म्हणून भांडं पदराआड. पण 'लेकी बोले सुने लागे'? सासू रागावणार लेकीवर आणि घाव बसणार सुनेला. सून उत्तरही देऊ शकत नाही, कारण तिला कुणी काही म्हटलेलंच नसतं. हा मला सरळ क्रूरपणा वाटतो. आणि धर्मराजाचं 'नरो वा कुंजरो वा' तर त्याहून वाईट. अश्वत्थामा मेला हे मोठ्यानं, हत्ती की माणूस हे हळू. शब्द खोटा नव्हता, तरी द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं आणि जीव गेला.

वहिनींना बोलून दादांना टोचणं हे त्याच जातीचं आहे. दादांसमोर बस. 'मला विहिरीकडची बाजू हवी' एवढंच म्हण. आवाज चढवू नकोस, जुनी उणीदुणी काढू नकोस, आणि पोरंबाळं आसपास नसताना बोल. रविवारी येतोस का? दादा माझं ऐकतात, मीही सोबत बसेन.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
शिवा