सिक्स्थ फॉर्मला (इंग्लंडमधली शाळेची शेवटची दोन वर्षं) शाळा बदलणाऱ्या मुलांसाठी

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी दुपारी 3 वाजता नेहमीच्या हॉलमध्ये, गेल्या सप्टेंबरात नव्या शाळेत इयर 12 ला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या पहिल्या वर्षाला, गेलेली आपली मुलं अनुभव सांगणार आहेत. आईबाबांनीही यावं.

माझ्या मुलीने पहिले दोन आठवडे डबा लायब्ररीच्या जिन्यावर एकटीने खाल्ला. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला जोडीदारीण मिळाली, मग कुठे घरी शाळेच्या गप्पा सुरू झाल्या. जीसीएसईचे (आपल्या दहावीसारखी परीक्षा) 9-10 विषय जाऊन ए-लेव्हलचे (आपल्या बारावीसारखी परीक्षा) बहुधा तीनच उरतात, मधले तास मोकळे असतात. त्यांचं काय करायचं, हे मुलंच नीट सांगतील.

जीसीएसईचा निकाल ऑगस्टमधल्या गुरुवारी लागतो आणि बऱ्याच ठिकाणी लगेच नावनोंदणी असते. त्या आठवड्यातली भारताची तिकिटं कृपया काढू नका.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.