सुटलेला माणूस पहिल्या रात्री झोपणार कुठं? गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत फौजदारी वकिली करतो. इथं मोठी शिक्षा लागलेला माणूस बहुतेक वेळा कोल्हापूरच्या कळंबा कारागृहात जातो आणि काही वर्षांनी बाहेर येतो. सह्या होतात, पिशवी मिळते, कमावलेली मजुरी हातात पडते. त्या रात्री तो झोपणार कुठं, हे विचारणं कुणाचंच काम नाही. सुटलेल्या बंद्यांसाठी सांगलीत एक तात्पुरतं निवासगृह सुरू करा, एवढंच मागायला हे पत्र लिहितो आहे.

घर असतं की त्याला, असं कुणी म्हणेल. पण गावाकडच्या खुनात फिर्यादीचं घर पुष्कळदा त्याच गल्लीत असतं. भांडण बांधावरून पेटलेलं, आणि बांध अजून जागेवरच. शिक्षा संपली म्हणून ज्या आईचा मुलगा गेला तिनं दुसऱ्या सकाळी त्या माणसाला पारावर बसलेलं बघावं, हा तिच्यावरही अन्याय आहे. मधले दोन-तीन महिने तो गावाबाहेर राहिला, तेवढ्यात एखाद्या जाणत्या कार्यकर्त्यानं दोन्ही घरांत जाऊन बोलणं केलं, तर पुढचं वैर टळू शकतं. निवासगृहाची खरी गरज मला इथंच दिसते. ती जेवढी बंद्याची, तेवढीच फिर्यादीचीही आहे.

मग कागदपत्रं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद, बँकेचं खातं निष्क्रिय, रेशनकार्डावर नाव नाही. कारखान्यात काम मागायला गेलं की चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. दाखला न विचारता उचल देणारा एक ऊसतोडीचा मुकादम भेटतो, नाहीतर जुनी टोळी वाट बघतच असते.

शिक्षा झालेल्या माणसावर विश्वास टाकण्याचा विचार आपल्या मातीला परका नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1939 मध्ये, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकारानं, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. तिथं बंदी कुटुंबासह राहून शेती करतात. त्याच संस्थानात 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली, तेव्हा कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमलं होतं. ज्यांना सगळे चोर म्हणत होते त्यांच्याच हाती कारखाना सोपवला! स्वतंत्रपूर मात्र शिक्षा चालू असलेल्या, निवडक बंद्यांसाठी आहे. सुटकेच्या दिवशी तोही आधार संपतो.

बंद्यावर विश्वास टाकायला शासन तयार असतं, हे 2022 मध्ये येरवड्यात दिसलं. राज्य सहकारी बँकेच्या ‘जिव्हाळा’ योजनेतून बंद्याला 50 हजारांपर्यंत कर्ज 7 टक्के व्याजानं मिळू लागलं. आत असताना कर्जाला पात्र ठरणारा माणूस बाहेर आल्यावर खोलीभाड्यालाही अपात्र ठरतो, हे मला पटत नाही. मुंबई भागात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून अशा लोकांसोबत काम करतो. त्या अनुभवाचा उपयोग इथं करून घेता येईल.

अडतं ते दोन खात्यांच्या मध्ये. कारागृहं आपल्याकडे, परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) महिला व बालविकास विभागाकडे. सुटलेला माणूस कुणाच्याच फाइलीत नाही. कारागृह हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे, त्यामुळे दिल्लीकडे बघण्याची गरज नाही.

सुरुवात वीस खाटांची असू द्या. जागा मिरज-कुपवाडच्या बाजूला बघा, कारण हाताला काम तिथं मिळतं. राहण्याची मुदत तीन महिने, गरज पडली तर सहा. आधार आणि बँकेची कामं सुटकेआधीच कारागृहात उरकून घ्या. महिलांची सोय वेगळी हवी. पुष्कळदा त्यांना न्यायला माहेरचंही कुणी येत नाही. आणि दोन्ही खात्यांच्या वतीनं एकच जबाबदार अधिकारी नेमा, त्याचं नाव कारागृहाच्या फाटकावर लिहा. येत्या अर्थसंकल्पात याची तरतूद व्हावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
सांगलीतील एक वकील