अहवालाखालची दुसरी सही

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. मनोरुग्णालयातील पोस्टिंग संपवून तू, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात रुजू झालीस, हे वाचून तुझ्या आईला थोडी धास्ती वाटली आणि मला बरे वाटले. चिकित्सा मानसशास्त्राच्या एम.फिल.ची दोन वर्षे निम्मी सरली तरी तुझ्या पर्यवेक्षक मॅडम तुझे अहवाल लाल शाईने भरून परत करतात, मुलाशी बोलताना कोपऱ्यात खुर्ची टाकून बसतात आणि त्यांची सही झाल्याखेरीज तुझा कागद पुढे सरकत नाही, अशी तुझी तक्रार आहे. दारव्ह्याच्या न्यायालयात लिपिक म्हणून सारी नोकरी काढलेल्या माणसाने यात तुझी बाजू घ्यावी, अशी अपेक्षा असेल तर ती या पत्रात पुरी होणार नाही.

तज्ज्ञाचा अहवाल न्यायालयात शाबीत होऊन त्यावर निशाणी क्रमांक, म्हणजे पुराव्यातील कागदाचा क्रमांक, पडला की तो लिहिणाऱ्याचा राहत नाही. पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 प्रमाणे तज्ज्ञाचे मत विचारात घेतले जाते, परंतु ते न्यायाधीशांवर बंधनकारक नसते आणि उलटतपासणीतून सुटतही नाही. मृत्युपत्राच्या एका दाव्यात मयत वृद्धाची समज शाबूत होती, असा अहवाल आला होता. भाषा उत्तम, टंकलेखन सुबक. वकिलांनी फक्त एवढेच विचारले की, तपासणीच्या वेळी खोलीत आणखी कोण होते. वृद्धाचा पुतण्या शेजारी बसला होता आणि कानाने कमी ऐकणाऱ्या काकांच्या वतीने बरीचशी उत्तरे त्यानेच दिली होती, हे तेथे प्रथमच बाहेर आले. अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता. तपासणारे गृहस्थ लबाड नव्हते, परंतु साक्षीपूर्वी त्यांना तो प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. तुला तो प्रश्न आज मॅडम विचारतात. म्हणून स्वतः पाहिलेले, मुलाने सांगितलेले, गृहातील कर्मचाऱ्यांनी सांगितलेले आणि त्यावरून तू काढलेला निष्कर्ष, हे चार निरनिराळ्या परिच्छेदांत ठेवण्याचा त्यांचा आग्रह मला जाच वाटत नाही.

'मुलाने गुन्ह्याची कबुली दिली' हे तुझे वाक्य त्यांनी खोडले, याचा तुला विशेष राग आलेला दिसतो. बाल न्याय अधिनियम, 2015 चे कलम 15 पुन्हा सावकाश वाच. वयाची 16 वर्षे पूर्ण केलेल्या मुलावर किमान 7 वर्षे शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असेल, तर अशा मुलांची प्रकरणे पाहणाऱ्या बाल न्याय मंडळाने त्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणाम समजण्याची कुवत आणि कथित घटनेची परिस्थिती पाहायची असते. ही प्राथमिक पाहणी म्हणजे खटला नव्हे, असे कायद्यातच स्पष्ट केले आहे. मंडळावर बालमानसशास्त्राची किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणे सक्तीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले. तुमच्या कागदाला एवढे वजन आल्यावर, गुन्हा घडला की नाही याविषयी त्यात एक शब्दही असता कामा नये.

याहून अवघड प्रसंग तू पत्राच्या शेवटी ओझरता लिहिला आहेस. मुलाने दाराकडे पाहत विचारले, "ताई, हे तुम्ही कोणाले सांगसान तर नाई ना?" आणि तू काही बोलणार तोच मॅडमनी मध्ये बोलून त्याला समजावले की, येथे बोललेले मंडळापुढे जाऊ शकते, आणि काही प्रश्नांची उत्तरे द्यायची नसतील तर त्याने तसे सांगावे. त्यानंतर तो गप्प झाला, अहवाल अपुरा राहिला आणि तुला हळहळ वाटली. मनोरुग्णालयात तू उपचार करणाऱ्यांच्या बाजूला होतीस आणि मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 च्या कलम 23 प्रमाणे रुग्णाची गुप्तता हा त्याचा हक्क होता. येथे तू मंडळाच्या वतीने बसतेस. खुर्ची तीच, टेबल तेच, तुझा प्रेमळ आवाजही तोच. मग फरक त्या मुलाला कळणार कसा? तो त्याला आधी सांगितलाच पाहिजे, मग तो बोलो वा न बोलो. शिवाय उद्या एखाद्या मुलाने स्वतःवर झालेल्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट काढली, तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ती पोलिसांना कळवणे तुझ्यावर बंधनकारक आहे आणि न कळवणे हा गुन्हा आहे. 'कोणालाही सांगणार नाही' हे वचन तुझ्या हातात नाही. असे काही कानावर आले तर त्याच दिवशी मॅडमना सांग, रात्रभर एकटी घेऊन बसू नकोस.

चाचण्यांविषयी मी काय लिहावे! मात्र मानसशास्त्रज्ञ मालिन यांनी वेक्स्लरची मुलांची बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी आपल्या नागपुरातच बसवली, हे तुझ्या पत्रातून प्रथमच कळले आणि उगाच अभिमान वाटला. ती 6 ते 15 वर्षांच्या मुलांसाठी असल्याने सतरा वर्षांच्या मुलावर तिचा आकडा लावायचा नाही, हेही तूच लिहिलेस, ते बरे केलेस.

आता घरचे. शेजारच्या वहिनी आईकडे येऊन गेल्या. पऱ्हाटीला यंदा भाव नाही, त्यांचा थोरला जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. पोळ्याला तू येशील तेव्हा त्याला घरीच पाहावेस, असे त्यांचे म्हणणे पडले. तू अजून शिकते आहेस आणि ओळखीच्या माणसाला पर्यवेक्षकांशिवाय तपासणे बरोबर नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यांना थोडे वाईट वाटले. परंतु थांबण्यासारखी ती गोष्ट नव्हती, म्हणून टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर त्यांच्यासमोरच फोन लावून दिला, आणि सोमवारी मी त्याला सोबत घेऊन यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील मनोविकार बाह्यरुग्ण विभागात जाणार आहे. जाताना जुने कोणते कागद बरोबर न्यावेत आणि खोलीत मी बसावे की बाहेर थांबावे, हे मॅडमना विचारून रविवारपर्यंत कळव.

तुझा,
बाबा