‘डॉक्टर हू’ वाचली ती परदेशी केंद्रांमुळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेवरचा लेख वाचला आणि तेव्हापासून डोके तापले आहे. लेख छान सजवला आहे, छायाचित्रेही सुरेख आहेत, त्याबद्दल पुरवणीच्या मंडळींचे कौतुकच. पण ‘सत्तरच्या दशकात अमेरिकेत पोहोचल्यावर ही मालिका खऱ्या अर्थाने जगाची झाली’ हे वाक्य तुमच्याकडे कुणीच तपासले नाही का?

लंडनमध्ये मालिका सुरू झाली 23 नोव्हेंबर 1963 रोजी. परदेशातले पहिले प्रसारण झाले न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चला, 18 सप्टेंबर 1964 रोजी. म्हणजे वर्षही उलटले नव्हते. जानेवारी 1965मध्ये ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात ती सुरू झाली. पाठोपाठ नायजेरिया, सिंगापूर, हाँगकाँग, सायप्रस, झांबिया, युगांडा इथल्या दूरचित्रवाणी केंद्रांनी भाग विकत घेतले. अमेरिकेतल्या केंद्रांना ती विकायला काढली 1972 साली, तीही जॉन पर्टवी या तिसऱ्या नटाचे भाग. तोवर डॉक्टर या नायकाची भूमिका करणारे पहिले दोन नट होऊन गेले होते. ख्राइस्टचर्च, नायजेरियातले लागोस आणि हाँगकाँगमधल्या घरांत बसून ज्यांनी ही मालिका पाहिली, ती माणसे तुमच्या लेखकाच्या हिशेबी जगात धरायची नाहीत का?

त्या काळी मालिका परदेशी जायची ती डब्यांतून. टीव्हीच्या सपाट पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावायचा, टेपवरचा भाग 16 मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवायचा, त्याच्या प्रती काढायच्या, पत्र्याच्या डब्यांत भरायच्या आणि रवाना करायच्या. न्यूझीलंडमध्ये तेव्हा सगळ्या शहरांना जोडणारे जाळे नव्हते. त्यामुळे एका शहरात दाखवून झाले की तीच रिळे ऑकलंड, वेलिंग्टन, ड्युनेडिन अशी पुढच्या केंद्राकडे जायची. करार संपला की केंद्राने रिळे परत करायची, नष्ट करायची, नाहीतर पुढच्या देशाला धाडायची, असा शिरस्ता होता. काही केंद्रांनी तो पाळला नाही, ही या मालिकेच्या नशिबातली सर्वांत मोठी गोष्ट आहे आणि तुमच्या पानभर लेखात तिला दीड ओळ मिळाली.

इकडे बीबीसीने काय केले? मूळ टेपा पुसल्या. टेप महाग होती, पुन्हा वापरता येत होती. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारामुळे पुनःप्रसारणावर मर्यादा होत्या. कृष्णधवल कार्यक्रम आता कोण विकत घेणार, असाही विचार होता. टेपा एका खात्याने पुसल्या, फिल्मच्या प्रती दुसऱ्या खात्याने 1978पर्यंत निकालात काढल्या, आणि दुसऱ्याकडे प्रत असेलच असे दोघांनीही धरून चालले. त्यामुळे साठच्या दशकातले शंभराच्या आसपास भाग गेले. लेखात मात्र ‘काळाच्या ओघात’ असे म्हटले आहे. काळाने नाही, कार्यालयाने घालवले. तसे स्पष्ट लिहा.

मग परत कुठून आले? 1967ची ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही चार भागांची कथा पूर्ण गेली असे सगळे समजत होते, ती हाँगकाँगच्या केंद्रात निघाली आणि 1992 साली व्हिडिओ कॅसेटवर आली. सायप्रसमधून एका ऐतिहासिक कथेचे भाग आले. न्यूझीलंडमध्ये एका संग्राहकाकडे असलेले ‘द क्रुसेड’ या कथेच्या पहिल्या भागाचे रीळ 1999 साली पुढे आले. पर्टवी यांच्या काही भागांच्या तर लंडनमध्ये कृष्णधवल प्रती तेवढ्या उरल्या होत्या. त्यातल्या ‘द डीमन्स’ या कथेत रंग परत भरले ते अमेरिकेत कुणीतरी घरच्या व्हिडिओवर केलेल्या मुद्रणावरून. ऑस्ट्रेलियाची हकिकत वेगळीच. तिथल्या सेन्सॉरने मुलांना भीती वाटेल म्हणून जे तुकडे कापले, ते फायलीला जोडून ठेवले. 1996मध्ये तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ते सापडले. काही भागांची हलती चित्रे म्हणून आज तेवढे तुकडेच शिल्लक आहेत. कापणाऱ्या कारकुनाने फाईल नीट लावली नसती तर तेही नसते.

हे मी एवढ्या तिडकीने लिहिते आहे, कारण माझी सगळी नोकरी एका प्रसारण संस्थेच्या टेप लायब्ररीत गेली. संस्थेचे नाव लिहीत नाही. माझी मावशी नाट्यगीते गायची. एका कार्यक्रमात तिच्या दोन पदांचे चित्रीकरण झाले होते. ती गेल्यावर मावसभाऊ म्हणाला, बघ गं, ती टेप काढता येते का, मुलांना आजी दाखवू. मी जुने रजिस्टर काढले. टेपचा क्रमांक होता, कार्यक्रमाचे नाव होते, मावशीचे नावही होते, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईने लिहिले होते, ‘पुसली, वापरास योग्य’. खाली सही. त्या क्रमांकाची टेप मी मांडणीवरून काढून लावून पाहिली, तर तिच्यावर कसल्याशा उद्घाटनाची भाषणे निघाली. सही करणाऱ्या साहेबांना मी विचारले. ते म्हणाले, बाई, टेपा काय झाडाला लागतात? वर तेव्हा वरिष्ठांनी महिन्याला इतक्या टेपा मोकळ्या करा असा हुकूमच काढला होता. मावसभावाला हे सांगताना मला तोंड वर करवेना. तो कार्यक्रम दुसऱ्या कुठल्या केंद्राला कधी दिला गेला नव्हता, विकला गेला नव्हता. म्हणून शोधायला जागाच उरली नाही. ‘डॉक्टर हू’च्या वाट्याला हाँगकाँग आणि नायजेरिया आले, मावशीच्या पदांच्या वाट्याला कुणीच आले नाही.

म्हणून नायजेरियाविषयीचे ते वाक्य मला सहन झाले नाही. ‘आफ्रिकेतल्या कुठल्याशा अडगळीत काही भाग सापडले’ असे लेखात आहे. त्या ‘कुठल्याशा’ जागेला नाव आहे. जोस शहरातले दूरचित्रवाणी केंद्र. हरवलेले कार्यक्रम शोधणारे फिलिप मॉरिस यांना तिथल्या फळीवर डबे मिळाले, वरच्या चिकटपट्टीवरची धूळ पुसल्यावर मालिकेचे नाव दिसले, असे त्यांनीच सांगितले आहे. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ आणि ‘द वेब ऑफ फिअर’ या दोन कथांचे अकरा भाग तिथे होते, त्यातले नऊ जगात दुसरीकडे कुठेही नव्हते. ऑक्टोबर 2013मध्ये ही बातमी जाहीर झाली. एखाद्या फळीवर फिल्म इतकी वर्षे टिकते ती आपोआप नाही. दमट हवेत ॲसिटेट फिल्म कुजते, डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबट वास नाकात शिरतो, रीळ आखडते, मग प्रोजेक्टरवर चढत नाही. तो वास मी ओळखते. जोसला ती रिळे धड राहिली. ज्यांच्या फळीवर ती राहिली त्यांना अडगळवाले म्हणायचे आणि ज्यांनी पुसली त्यांचा उल्लेख आदराने करायचा, हे बरे नव्हे.

आणखी एक. पहिल्या कथेचे दिग्दर्शक म्हणून वारिस हुसेन यांचे नाव आहे, पण ते लखनौला जन्मलेले, हे मराठी वाचकाला सांगावेसे वाटले नाही? त्याऐवजी डॉक्टर जिच्यातून प्रवास करतो त्या पोलिसांच्या टेलिफोनच्या निळ्या पेटीची तीन छायाचित्रे आहेत.

तेव्हा माझी विनंती अशी, की येत्या रविवारी त्याच पानावर दुरुस्ती छापावी. ख्राइस्टचर्च, हाँगकाँग आणि जोस ही तीन नावे तीत असावीत. पत्र लांबले म्हणून कापायचेच असेल तर वरची मावशीची हकिकत कापा, तारखा कापू नका. आणि तुमच्या ई-पेपरवरचे जुने अंक गेल्या काही महिन्यांपासून उघडत नाहीत. दोनदा कळवले, उत्तर नाही. ते अंक कुठे ठेवले आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुणाकडे आहे, तेही त्याच दुरुस्तीखाली कळवावे.

आपली,
एक निवृत्त टेप-ग्रंथपाल, ठाणे