सेरिफॉसला अडवून ठेवल्याबद्दल, नाखवा

प्रिय नाखवा,
स. न. वि. वि.

ग्रीसमधल्या लाव्रिओच्या धक्क्यावर निरोप घेताना तुम्ही डेक धुण्यात गुंतला होतात आणि आम्हाला विमान गाठायची घाई. आभार मानायचे राहूनच गेले. पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला कुणी समजावून सांगेपर्यंत आधी आमचीच माणसं वाचणार. वाचू देत. पुढच्या उन्हाळ्यात ग्रीसला शिडाची बोट भाड्यानं घ्यायचा बेत आखणारे दोन-चार जण त्यात असतीलच.

‘नाखवा’ ही पदवी तुम्हाला आमच्यातल्या अलिबागकरणीनं पहिल्याच संध्याकाळी बहाल केली. तिच्या घरच्या मासेमारीच्या बोटी आहेत, त्यामुळे तिचा शब्द आम्ही मानला. बाकी आम्ही पुण्या-ठाण्याचे. समुद्राचा अनुभव म्हणाल, तर गेटवेहून घारापुरीला जाणारी लाँच!

केआ बेटाकडे जाताना आमच्या एका मित्राचा चेहरा पांढराफटक पडला आणि तो खाली केबिनमध्ये जाऊन आडवा झाला. तुम्ही त्याला दंडाला धरून वर आणलंत, सुकाणूचं चाक त्याच्या हातात दिलंत आणि समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलंत. ‘नाक तिकडे. बोटीचं पण, तुझं पण.’ अर्ध्या तासात पठ्ठ्या ऑलिव्ह मागायला लागला. केआजवळ तुम्ही पाण्याकडे बोट करून म्हणालात, ‘इथे खाली ब्रिटानिक आहे.’ टायटॅनिकचं धाकटं भावंड, पहिल्या महायुद्धात रुग्णालय झालेलं. नोव्हेंबर १९१६ मध्ये सुरुंगाला धडकून तासाभराच्या आत बुडालं, तीस माणसं गेली. सगळे गप्प झाले. मित्रानं चाक जरा जास्तच घट्ट धरलं.

पण खरे आभार मानायचेत ते सेरिफॉसचे.

सेरिफॉस बेटावरच्या लिवादीच्या बंदरात जाग आली तेव्हा आभाळ निळंशार होतं, ढगाचा ठिपका नाही. आम्हाला पुढची बेटं, सिफनोस आणि मग मिलोस, गाठायची होती. तुम्ही फोनवरचा अंदाज पाहिलात, डोलकाठीवरच्या दोरांची शिट्टी ऐकलीत आणि म्हणालात, ‘आज नाही.’ दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या एकानं भाड्याचा हिशेब काढायला सुरुवात केली, तेव्हा तुम्ही त्याच्यापुढे कॉफी ठेवलीत आणि पुन्हा तेच दोन शब्द.

आम्ही पावसाळी देशातले. वादळ म्हणजे काळं आभाळ, हेच डोक्यात. तुमचा मेल्तेमी, हा एजियन समुद्रावरचा उन्हाळी वारा, लख्ख उन्हात येतो, हे पटायला वेळ लागला. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्टच्या मोजपट्टीवर ७, म्हणजे ताशी पन्नास ते साठ किलोमीटर, आणि वर गॉगल लावावा असं ऊन! बेटाच्या आडोशाला तरी निवांत असेल म्हणावं, तर तिथे वारा डोंगर ओलांडून वरून कोसळतो. शेजारच्या बोटीवरची उशी आमच्या डोळ्यांदेखत उडाली, ती थेट खाडीच्या तोंडापर्यंत गेली.

आणि गंमत बघा, या वाऱ्याचं आमच्याशी नातं निघालं. आमच्याकडे मान्सूनला ओढून आणणारा कमी दाबाचा पट्टा पश्चिमेला पार तुर्कस्तानापर्यंत पसरलेला असतो. बाल्कनकडे हवेचा दाब जास्त. या दोघांच्या मधल्या फटीतून उत्तरेचा वारा एजियनवर सुटतो. म्हणजे कोकणात पाऊस पाडणारी आणि आम्हाला लिवादीत डांबणारी मंडळी एकाच कुळातली.

त्या सक्तीच्या सुट्टीत तुम्ही आम्हाला बेटाच्या पलीकडे मेगालो लिवादीला पिटाळलंत. लोखंडाच्या खाणी, गंजून समुद्रावर लोंबकळणारा माल चढवायचा पूल आणि १९१६ च्या संपात मारल्या गेलेल्या चार कामगारांचं स्मारक. पांढऱ्या घरांचे फोटो काढायला आलेल्या आम्हाला ते बेट त्या दुपारी जरा निराळं दिसलं.

त्याच मुक्कामातली एक संध्याकाळ. तुमच्याकडे बोटी धक्क्याला पाठ लावून उभ्या राहतात. पुढे दूरवर नांगर टाकायचा आणि साखळी सोडत मागे यायचं. साहजिकच उशिरा येणाऱ्याची साखळी आधीच्यावर पडते. आमच्यावरही पडली. शेजारी हातवारे करून ओरडत होता. तुम्ही मात्र नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, पालथे पडून, दोराला बांधलेला लोखंडी आकडा पाण्यात सोडून, त्याची साखळी अलगद उचललीत. ती तेवढी अधांतरी धरून आपला नांगर खालून सोडवून घेतलात आणि आकड्याच्या टोकाची दुसरी दोरी खेचताच त्याची साखळी सुटून खाली गेली. अलिबागकरीण शेजारी उकिडवी बसून हे सगळं मोबाइलवर टिपत होती.

मिलोस राहिलं ते राहिलंच. दक्षिणेला वारा ढकलत नेतो, परत येताना तोच छातीवर बसतो, हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. म्हणून सिफनोसहून मागे वळवलंत, तेही पहाटेच्या अंधारात, वारा मंद असताना. तरी सिफनोसचा रविवार साधलातच. शनिवारी रात्री मातीच्या भांड्यात काबुली चणे, कांदा आणि ऑलिव्ह तेल घालून लाकडाच्या भट्टीत लावलेली रेविथाडा रविवारी दुपारी आमच्यापुढे आली. मसाल्याचा पत्ता नाही आणि तरी दोनदा मागून घेतली, यावरून काय ते ओळखा.

आता तुमची पाळी. आमच्याकडे जून-जुलैत मात्र येऊ नका. १ जूनपासून मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात, त्यानंतर या. अलिबागला उतरायची सोय पक्की आहे. तिच्या बाबांनी तुमच्या आकड्याचा व्हिडिओ चार-चारदा पाहिलाय. त्यांचं म्हणणं, हात चांगला आहे, पण गाठ चुकीची मारलीय. ते आता तुमचं तुम्हीच येऊन मिटवा.

आपले,
बोटीवरचे सगळे